ओरेस्टचा तक्ता

माझ्या भावाने, ओरेस्टने, एकदा नाही म्हणायचं ठरवलं की तो नन्नाचा पाढा असा सुरू करतो की ऐकणाऱ्याने कानात बोळे घालून बसावं. या जानेवारीत तो पाढा मी सलग तीन आठवडे ऐकला. अडुसष्ट वर्षांच्या बाईला शोभणार नाहीत इतक्या शिव्या मनातल्या मनात दिल्या, आणि दोन-तीन तोंडातूनही निसटल्या.

गोष्ट एवढीशी. रजायना शहराच्या फुटबॉल स्टेडियममध्ये आमच्या दोन खुर्च्या आहेत, शेजारीशेजारी. बाबांनी त्या आम्हा दोघांच्या नावावर केल्या होत्या. जुनं स्टेडियम पाडलं, नवं बांधलं, माझा नवरा गेला, ओरेस्टची बायको लेसिया गेली, पण खुर्च्या काही हलल्या नाहीत. दर जानेवारीत क्लबचा कागद येतो. त्यावर दोघांनी सह्या करायच्या आणि महिना संपायच्या आत परत पाठवायचा. एकाची जरी सही नसली तरी दोन्ही खुर्च्या गेल्या, मागे रांग लागलेलीच आहे. ओरेस्ट राहतो शेतावर, मी गावात. वर्षातून दहा सामने, जायला दोन तास, यायला दोन तास. आम्ही भाऊ-बहीण उरलो होतो ते त्या गाडीत आणि त्या खुर्च्यांवर. बाकी वेळ आम्ही फक्त दोन म्हातारी माणसं होतो.

आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "सही करणार नाही. असला कोच नेमतात? मी नाही जात त्यांचा खेळ बघायला."

या हिवाळ्यात कॅनडाच्या फुटबॉल लीगमधल्या तीन संघांनी नवे मुख्य कोच नेमले. हॅमिल्टनने तेरिओ, कॅल्गरीने पॅकहॅम आणि आमच्या संघाने हॅडवे. आमच्या गावात बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी साडेनऊला कॉफीची बैठक भरते. बाहेर उणे चौतीस, शेतात काम नाही, मग काय, तिघांना रोज तागडीत घालायचं. ओरेस्टने तर एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चक्क तक्ताच आखून आणला. जाड काळं मार्कर, एकेक अक्षर बटाट्याएवढं.

"अरे, विमानातून वाचायचंय का कुणाला?" लॅव्हर्न म्हणाला. हा लॅव्हर्न तीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनं करत होता, आता सगळ्यांच्या खोड्या काढतो.

तेरिओला आठ. पॅकहॅमला सात. हॅडवेला दहापैकी दोन.

"दोन का म्हणून?" मी विचारलं.

"टेक्ससचा माणूस आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार खेपा मिळतात, आपल्याकडे तीन. हा तिसरीला चौथीची वाट बघत बसेल."

मी घरी जाऊन पेपर उपसले. हॅडवे आमच्याच लीगमध्ये सहा वर्षं खेळून गेलेला. दुसऱ्या दिवशी कात्रण ओरेस्टच्या हातात ठेवलं. त्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, घडी घालून खिशात कोंबलं. शेवटी मीच मोठ्याने वाचून दाखवलं.

"खेळला असेल. पण बचावात. त्याला हल्ल्यातलं काय कळतंय?"

"पॅकहॅमही बचावातलाच! त्याला सात दिलेस ना?"

तिसऱ्या दिवशी पॅकहॅमचे सातावरून चार झाले. आणि हॅडवेचे दोनावरून एक! मी कपाळाला हात लावला. मग म्हणे, तो इथल्या थंडीत टिकणार नाही. मी म्हटलं, त्याने रजायनात घर घेतलंय. म्हणे, भाड्याने. म्हटलं, विकत. म्हणे, "मग विकेल." आता या माणसाशी बोलायचं तरी काय? रोज एक दार लावलं की हा दुसऱ्या खिडकीतून बाहेर. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातला प्रकार. फक्त नाचता का येत नाही, ते मला दिसत नव्हतं.

कागदाची मुदत सोमवारी संध्याकाळी पाचला संपत होती. आदल्या रविवारी दुपारी गावाच्या हॉलमध्ये जेवण होतं. क्लब दर हिवाळ्यात नव्या कोचला गावोगाव फिरवतो, तसा हॅडवे आमच्याकडे येणार होता. मी पहाटेपासून बायकांबरोबर पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरत होते. तेवढ्यात डोक्यात आलं, याला समोरासमोरच बसवू, मग बघू किती पाढे म्हणतो. मी हॅडवेची खुर्ची मुद्दाम ओरेस्टच्या शेजारी मांडली.

हॅडवे आला. साधा कोट, डोक्याला कानटोपी. पण तीन आठवडे त्याचा चेहरा टीव्हीवर आणि पेपरात होता, गावातलं शेंबडं पोरही त्याला ओळखत होतं. तो ओरेस्टच्या बाजूला बसला, हसून नमस्कार केला.

"नवीन दिसता इथे," ओरेस्ट म्हणाला. "बियाणंवाले का? बसा, बसा. आणि पेरोगी आत्ताच वाढून घ्या. तो टेक्ससचा ठोंब्या येतोय, लई खातो म्हणतात."

टेबलावरचे काटे-चमचे थांबले. लॅव्हर्नने रुमाल तोंडात कोंबला.

"बरोबर ऐकलंत," हॅडवे म्हणाला. "कसा वाटतो तुम्हाला हा नवा कोच?"

झालं! ओरेस्टने सगळा तक्ता तोंडपाठ म्हणून दाखवला. तेरिओ असा, पॅकहॅम तसा, आणि आपला हा, दहापैकी एक.

"एक म्हणजे जरा कमीच नाही का?" हॅडवेने विचारलं.

"अहो, तो एकही आपल्या क्लबची टोपी घालतो म्हणून!"

मी कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचं ताट घेऊन मागे उभी होते, ते त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. मुद्दाम करतोय मेला! पाहुण्याचा अपमान, तोही माझ्या देखत! मी दोन पावलं पुढे गेले आणि मग नीट बघितलं. ओरेस्ट त्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नव्हता. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून तो त्याच्या खांद्यापलीकडे बघत होता. मग त्याने चमच्यासाठी हात पुढे केला, आणि तो सरळ आंबट सायीच्या वाडग्यात बुडाला.

तेवढ्यात माईकवरून हॅडवेचं नाव पुकारलं आणि शेजारचा माणूस उठून उभा राहिला. ओरेस्टचा चेहरा उतरला. माझा भाऊ बायकोच्या अंत्यविधीलाही मान ताठ ठेवून उभा होता. आता तो बोटांवरची साय पुसत, मान खाली घालून बसला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

जेवण झाल्यावर मी त्याला माझ्या गाडीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"ओरेस्ट, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस."

तो काचेवरचं बर्फ नखाने खरवडू लागला. "ऑगस्ट. सास्काटूनच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं. मधलं पुसून टाकल्यासारखं दिसतं. कडेचं दिसतं."

"ऑगस्ट?" मी मनात महिने मोजले आणि माझा आवाज चढला. "म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सामन्यांना गाडी कोण चालवत होतं?"

"मी."

"आणि मी शेजारी बसून मोजे विणत होते! दोन तास जायला, दोन तास यायला! अरे, तुला अक्कल आहे की नाही?"

"रस्ता सरळ आहे, मिर्ना," तो म्हणाला. "कडेची पांढरी रेघ दिसते ना मला."

रस्ता सरळ आहे! या प्रांतात जन्मलेला माणूसच हे असलं उत्तर देऊ शकतो. मी त्याला जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी हात पुढे केला आणि म्हटलं, किल्ल्या दे. त्याने एकदाही नाही न म्हणता दिल्या. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

"सांगितलं असतं तर या किल्ल्या तेव्हाच गेल्या असत्या," तो म्हणाला. "आणि खेळ बघायला जाऊन करू काय? चेंडू दिसत नाही मला. लोक ओरडले की मी उठतो. मागे दोनदा चुकीच्या वेळी उठलो. तू हसलीस, म्हणालीस, काय रे, फितूर झालास का?"

मी म्हटलं होतं खरं. हसलेही होते.

"त्या टेक्ससवाल्याने माझं काय वाकडं केलंय," तो पुटपुटला. "त्याला सहा दिले असते मी."

"मी सांगेन तुला. प्रत्येक खेप. कोण कुठे पळतोय, चेंडू कुठे गेला, सगळं."

"तू? तू अर्धा वेळ विणत असतेस."

"विणकाम घरी ठेवेन."



सोमवारी सकाळी मीच त्याला शेतावरून बैठकीला घेऊन आले. सगळ्यांच्या देखत कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सहीच्या जागेवर त्याचं बोट टेकवलं. त्याने सही केली. रेघ सोडून वर गेली, पण सही ती सहीच. मग त्याने मार्कर काढलं आणि तक्त्यात हॅडवेच्या एकाच्या जागी सहा केले. त्याच्याखाली आणखी एक ओळ ओढून बटाट्याएवढ्या अक्षरांत माझं नाव लिहिलं. पुढे आकडा टाकला: तीन.

"तीन?" मी ओरडले. "टेक्ससवाल्याला सहा आणि सख्ख्या बहिणीला तीन?"

"तुझा अनुभव काय?" ओरेस्ट म्हणाला. लॅव्हर्न इतका हसला की त्याला ठसका लागला.

परत जाताना गाडी अर्थातच मी चालवत होते. दोन्हीकडे नुसतं पांढरं रान. मी अजून रागातच होते. तीन म्हणजे काय! मग कुंपणापलीकडे काहीतरी हललं.

"उजवीकडे दोन हरणं आहेत," मी म्हटलं. "एक थांबलंय, दुसरं निघालंय झाडांकडे."

"किती यार्डांवर?"

"असतील चाळीस एक."

"असतील म्हणजे काय? नीट सांग."

मी गाडी कडेला थांबवली आणि कुंपणाचे खांब मोजू लागले.