दगडाआडची धार

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी सुरी आहे, आणि माझं काम ऐकून तुमच्यापैकी काहींच्या अंगावर काटा येईल. पण ज्या दिवसाची मला आजही लाज वाटते, तो दिवस तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रत्नागिरीजवळच्या एका लोहाराने ट्रकच्या कमानपट्ट्यापासून मला घडवलं आणि शिसवी मूठ बसवली. माझा आताचा धनी मजीद, त्याच्या अब्बांनी मला विकत घेतलं. कुर्बानीच्या आधी ते मला अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत. नखावर मी रुतले तरच ते पुढे जात. "जनावराला दुखणं लांबवायचं नाही," ते मजीदला सांगत, "आणि त्याच्या डोळ्यांसमोर सुरीला धार लावायची नाही. त्याला आधीच कळू द्यायचं नाही." सगळ्या मोहल्ल्यात माझं नाव होतं. मला थोडा गर्वही होता, तो मी लपवत नाही.

अब्बा गेले आणि मजीद मला बॅगेत घालून कामासाठी ओमानला घेऊन आला. दुक्म शहराच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत त्याच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, फार्म आहे. तिथे माझे दिवस फिरले. चाऱ्याच्या गठ्ठ्यांची नायलॉनची दोरी काप, खोकी फाड, मस्कतच्या अल मवालेह भाजीबाजारातून आलेली कांद्यांची पोती उघड. कमरेला लटकलेली असल्यामुळे मीच सगळ्यांत आधी हाताला लागायचे. धार बघायला कुणाला सवड होती?

त्या फार्मवर अर्बाबने परदेशातून आणवलेला, सांबराच्या जातीचा एक दांडगा नर होता. दोन वर्षं मजीद त्याला रोज हाताने लसूणघास भरवायचा. त्याचा रुबाब बघून मजीदने त्याचं नाव शेठ ठेवलं होतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि अर्बाबला धनुष्यबाणाची नवी हौस होती. जेवणासाठी शेठला आपणच बाणाने टिपणार, असं त्याने त्या सकाळी जाहीर केलं. अर्बाबने बिस्मिल्ला म्हणून बाण सोडला आणि नेमकं त्याच क्षणी शेठने पाऊल पुढे टाकलं. बाण छातीऐवजी पोटात गेला. कुंपणाची जाळी आडवी करून शेठ वादीत, त्या कोरड्या ओढ्याच्या पात्रात, दिसेनासा झाला.

"यल्ला मजीद, जल्दी पकडो," अर्बाब म्हणाला.

मजीद धावणार तोच जाफरचाचांनी त्याचा दंड धरला. जाफरचाचा श्रीवर्धनचे, फार्मवरचे जुने गडी. भटकलेले उंट पावलांवरून शोधण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. "सबर, अर्बाब. एक घंटा," ते म्हणाले, आणि मजीदकडे वळून मराठीत, "पाठी लागलास तर जीव जाईपर्यंत पळेल तो. त्याला बसू दे."

"चाचा, तो तिकडे तडफडतोय."

"म्हणूनच सांगतोय. बस."

तो तास मजीदने माझी मूठ घट्ट धरून काढला. त्याच्या तळव्याचा घाम मला लागत होता. अर्बाब पाहुण्यांसाठी घरात गेला.

मग दोघे निघाले. जिथे रक्ताचा थेंब दिसेल, तिथल्या झुडपाला मजीद कांद्याच्या लाल पोत्याची पट्टी बांधायचा. पट्ट्या मीच कापत होते, म्हणजे खरं तर फाडत होते. सातव्या पट्टीनंतर खडी लागली आणि रक्त संपलं. ऊन चढलं. जाफरचाचा शेवटच्या पट्टीभोवती मोठमोठी वर्तुळं घेत फिरू लागले. मजीद एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत होता, "जिवंत सापडू दे."

शेवटी चाचांना एक उलटलेला दगड दिसला. त्याची मातीतली बाजू वर आली होती, म्हणजे शेठचा खूर तिथे लागला होता. तिथून चाळीस पावलांवर घाफच्या झाडाखाली शेठ पडला होता. जिवंत होता. त्याने उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय हलले नाहीत.

मजीदने मला बाहेर काढलं आणि नखावर टेकवलं. मी रुतले नाही, घसरले.

"चाचा, धार नाही."

चाचांनी शेठकडे पाहिलं. "लाव. पण त्याच्यासमोर नको."

मजीद एका मोठ्या दगडाआड गेला. वादीतला एक गुळगुळीत गोटा त्याने बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि मला त्यावर घासू लागला. मित्रांनो, ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. दर दोन घासण्यांमधल्या शांततेत शेठचा श्वास ऐकू यायचा, घरघर लागलेला. मी लवकर धारदार व्हावं म्हणून जीव तोडत होते. पण दोन वर्षांची हयगय दहा मिनिटांत निघत नाही. मजीद रडत होता. त्याने नखावर मला टेकवलं, पुन्हा घासलं, पुन्हा टेकवलं. एकदाची मी रुतले.

मला पाठीमागे लपवून तो शेठजवळ गेला. "मी आहे रे," तो म्हणाला. आवाज ओळखून शेठने मान खाली टेकवली. मजीदने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि अल्लाचं नाव घेतलं. एका ओढीत माझं काम झालं. त्या दिवशी पाहुण्यांच्या जेवणाला मजीद गेला नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातलं हत्यार असो की हुन्नर, त्याची निगा रोज राखा. गरज दारात आल्यावर धार लावायला बसलात, तर तो वेळ दुसऱ्या कुणाला तरी सोसावा लागतो.

आता दोऱ्या कापायला कात्री आणली आहे. दर गुरुवारी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर मजीद मला धार लावतो. शेठचं कुंपण आता रिकामं आहे. तरीही मजीद मला घेऊन गोठ्याच्या भिंतीपलीकडे, कुंपणातून दिसणार नाही अशा जागी जातो आणि तिथेच धार लावायला बसतो.