तीन न मोजता

मास्तर रोज सकाळी बेकरीत जायचे ते पाव घ्यायला नाही, बेकरीवाल्याचा हात बघायला. पाव आपला निमित्तमात्र. वर्षभरात त्यांनी इतके पाव आणले की बायको म्हणाली, "घरात माणसं दोन आणि पाव सहा. पंगत बसवायचीय का?"

मास्तर ज्युदो शिकवायचे. गेल्या वर्षी हाच बेकरीवाला त्यांच्या वर्गात पडताना डावं कोपर मोडून बसला. हाड जुळलं, पण हात काही पुरता सरळ होईना. भट्टीतला ट्रे तो अजून एकट्या उजव्या हातानं बाहेर ओढतो. मास्तर रोज विचारायचे, "कोपर कसं आहे?" आणि तो म्हणायचा, "आहे तिथंच आहे."

तेव्हापासून मास्तरांनी धसका घेतला. त्यांच्या वर्गात नवशिके मोजून पडू लागले. एक म्हटलं की हनुवटी छातीला. दोनला गुडघे वाकवायचे. तीनला पडायचं आणि पडता पडता अख्खा हात मॅटवर सपाट आपटायचा. मागे हात टेकवायचा नाही. टेकवलेला मोडतो, आपटलेला वाचतो. चार महिने हाच घोष. आठही जण असे सुरेख पडायचे की कवायत वाटावी. फक्त कोणी कोणाला पाडत नव्हतं. खऱ्या सरावाचा विषय निघाला की मास्तरांना नेमकं मॅट झाडायचं आठवायचं.

तो विषय टेलरबाईंनीच धसाला लावला. बाई पन्नाशीच्या, जिभेला कात्रीची धार. दोन्ही हातांत कापडाचे तागे घेऊन दुकानाच्या जिन्यावरून एकदा घसरल्या, थोडक्यात निभावलं, आणि दुसऱ्याच दिवशी इथं नाव घातलं.

"मास्तर, त्या जिन्यानं मला पाडताना तीन काही मोजले नव्हते."

"अजून थोडं पक्कं होऊ दे, बाई."

"चार महिन्यांत मी अख्ख्या शाळेचे गणवेश शिवते. येत्या गुरुवारी खरं पाडा, नाहीतर हे ज्युदोचं जाकीट उसवून त्याच्या पिशव्या करते."

मास्तर गुरुवारी पाडायला कबूल झाले. पण त्यांची नजर बाईंच्या डाव्या हातावर गेली. मशीनच्या सुईखाली कापड सरकवतो तो हा हात. पाडणारा उजवी बाही धरून ठेवतो. डावा हात मोकळा राहतो, आणि घाबरला की मागे जातो. बेकरीवाल्याचा असाच गेला होता. बाईंचा गेला तर त्यांचं मशीन बंद.

गुरुवारी सकाळी बेकरीत ते म्हणाले, "आज सुटा सराव आहे, न मोजता."

बेकरीवाल्यानं पाव कागदात गुंडाळले. "मग आज ओरडू नका."

"म्हणजे?"

"त्या दिवशी मी बरा पडत होतो. तुम्ही मध्येच 'हात, हात' असं ओरडलात. मला वाटलं, हात टेकवायला सांगताय. मी टेकवला."

मास्तरांनी त्याच्या कोपराकडे पाहिलं. "वर्षभर बोलला नाहीस?"

"तुमचं तोंड बघून बोलवेना. रोज पाव नेत होतात ना बिचारे." त्यानं पुडी पुढे केली. "आज म्हटलं, कोणाचा तरी हात जायचा."

वर्गात पोहोचेपर्यंत मास्तरांनी ते ओरडणं शंभरदा ऐकलं, आणि शंभरही वेळा आवाज त्यांचाच होता. पाडायला त्यांनी आठांतल्या टॅक्सीवाल्याला उभं केलं. तो धिप्पाड होता, पण पडणाऱ्याला सावरायला धरलेली बाही शेवटपर्यंत सोडायचा नाही. स्वतः पाडायची त्यांची छाती झाली नाही. भिंतीशी जाऊन त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याची घडी केली आणि दातांत धरली. बाकीचे सहा जण एकमेकांकडे बघू लागले. दात दुखत असतील, असं एकानं ठरवूनही टाकलं.

बाई आणि टॅक्सीवाला एकमेकांना धरून मॅटवर फिरू लागले. उघड्या पावलांची घसघस तेवढी ऐकू येत होती. कोणी मोजत नव्हतं. बाईंचा चेहरा धुतलेल्या अस्तरासारखा पांढरा पडला होता.

"पाडतोस का नाचतोस?" त्या पुटपुटल्या.

"मलाच भीती वाटतेय, काकू."

एक फेरी झाली. दुसरी झाली. मास्तरांच्या मानेवरून घाम ओघळला. आणि मग टॅक्सीवाल्याचा पाय बाईंच्या पायामागे गेला.

बाई मागे झुकल्या. त्यांचा डावा हात त्याच्या जाकिटावरून सुटला आणि मागे निघाला, पंजा उघडा, बोटं फाकलेली. अगदी तसाच. मास्तरांच्या घशातून शब्द निघाला, दातांपर्यंत आला. त्यांनी टॉवेल इतका आवळला की जबड्यात कळ गेली. शब्द तिथंच गुदमरला.

फाट्.

मग काहीच नाही. बाई उताण्या पडलेल्या, डोळे छताला. टॅक्सीवाला त्यांची बाही तशीच धरून वाकलेला. सोडायचं त्याला सुचत नव्हतं. मास्तरांना पुढे जायचं होतं, पण पाय भिंतीला शिवल्यासारखे झाले होते.

बाईंनी डावा हात हळूच डोळ्यांपुढे आणला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेक बोट हलवून पाहिलं. मग कोपर मिटलं, उघडलं. ते सरळ झालं.

"निम्म्या वाटेत टेकायला निघाला होता मेला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मग आपसूकच आपटला." त्या उठून बसल्या. तो हात त्यांनी मांडीखाली दाबला. "परत."

टॅक्सीवाल्यानं भिंतीकडे पाहिलं. "मास्तर, तो टॉवेल जरा मला द्या."

मास्तरांनी टॉवेल तोंडातून काढला. त्यावर दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या.

"दुसरा आण," ते म्हणाले. "अजून सात जण पडायचेत." आणि त्यांनी घडी उलटी करून पुन्हा दातांत धरली.