रोशीनला फोन करू नका

दारावरचा दिवा दोनदा लखलखला तेव्हा फिंटन सुतारखान्यात रंधा मारत होता. तो जन्माचा बहिरा. कुणी बेल दाबली की त्याच्याकडे दिवा पेटतो. दारात डर्व्हला क्विन उभी होती, हातात एक कागद. मागे रोशीन, त्याची अकरा वर्षांची मुलगी, अजून शाळेच्या गणवेशातच.

डर्व्हला कशासाठी आलीय हे किलवारा गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं. सहावीतल्या पोरांच्या आईबापांनी मिळून ठरवलं होतं, माध्यमिक शाळेत जाईपर्यंत कुणाच्याच हातात स्मार्टफोन द्यायचा नाही. वसंतात चर्चमध्ये पोरांचं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा विधी, त्या दिवशी आत्या-मावश्या भेट म्हणून फोनच घेऊन येतात, म्हणून त्याआधी एकी करायची. एकाच घराने नाही म्हटलं तर त्या घरचं पोर एकटं पडतं. सगळ्यांनी मिळून म्हटलं तर कुणीच पडत नाही. बावीस घरांच्या सह्या झाल्या होत्या, तेविसावं घर फिंटनचं. वर्गात फोन होता तो एकट्या रोशीनकडे, आठव्या वर्षापासून. आणि सही केलेल्यांतली दोन घरं आता अडून बसली होती, तिच्याकडे राहणार असेल तर आमच्यांनीच काय पाप केलंय?

डर्व्हला काही वाईट बाई नव्हती. पण मुलीचा फोन काढून घ्या असं बापाला सांगायचं आणि सांगायला दुभाषी म्हणून त्याच मुलीला उभं करायचं, यात काही चुकतंय हे तिच्या डोक्यात आलं नाही. गावात कुणाच्याच आलं नसतं. फिंटन बहिरा, त्याची बायको कॅट्रीना बहिरी, आणि पोरीला ऐकू येतं. मग काय, सात वर्षं सगळं किलवारा तिच्याच तोंडाने त्या घराशी बोलत आलं होतं.

डर्व्हला बराच वेळ बोलली. रोशीनचे हात मात्र चार वेळा हलून थांबले.

"सही हवीय. नको असेल तर राहू दे म्हणते."

फिंटन बहिऱ्यांच्या निवासी शाळेत शिकलेला. तिथे हातांनी बोलणाऱ्या पोरांच्या हातांवर छडी बसायची आणि ओठ वाचायला लावायचे. ते शिक्षण त्याने जन्मभर शिव्या देत वापरलं. आत्ताही डर्व्हलाच्या ओठांवरून त्याने तीन शब्द उचलले होते: सुट्टी, भिंत, एकटी. 'राहू दे' त्यात कुठेच नव्हतं.

"सगळं सांग," तो हातांनी म्हणाला.

रोशीनचे कान लाल झाले. मग तिने सांगितलं. मधल्या सुट्टीत ती भिंतीला टेकून फोनमध्ये डोकं घालून बसते, मुलींनी खेळायला बोलावलं तरी येत नाही, आता त्या बोलवेनाशा झाल्यात. डर्व्हलाची मुलगी घरी जाऊन विचारते, रोशीनला आम्ही आवडत नाही का?

"काय करतेस फोनवर? खेळतेस?"

"नाही."

त्याने हात पुढे केला. फोन द्यायला तिने फार वेळ लावला.

हा फोन त्यानेच घेऊन दिला होता. अडीनडीला कुणी दोन शब्द विचारील, पोरगी सांगेल, एवढाच त्याचा हिशेब. आत कधी डोकावला नव्हता, मुलीच्या गोष्टीत कशाला नाक खुपसायचं म्हणून. आता तो बोटाने वर सारत गेला, सारतच राहिला. औषधाच्या दुकानातून: आईला सांग, गोळ्या बदलल्यात. चर्चमधून: तिसऱ्या बाकाचा पाय डुगडुगतोय. बँकेतून एक लांबलचक पत्र, आणि त्याला रोशीनने दिलेलं उत्तर, 'मी फिंटन रोर्क लिहितोय' अशी सुरुवात करून. अकरा वर्षांच्या पोरीला गावाने फुकटची टपाल कचेरी करून ठेवलं होतं. आणि गावासोबत त्यानेही.

मग त्याला चार दिवसांपूर्वीचा एक मेसेज दिसला. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं, म्हणजे मधली सुट्टी. त्याने फोन डर्व्हलाच्या तोंडासमोर धरला.

'बाळा, तुझ्या डॅडला सांग ना, कपाटाचं दार परत लोंबतंय. डर्व्हला.'

डर्व्हलाने वाचलं. परत वाचलं.

"ती इतकी पटकन उत्तर देते ना," ती म्हणाली, आणि रोशीनने सवयीने तेही हातांनी सांगून टाकलं.

"आता हात खाली ठेव," फिंटनने मुलीला सांगितलं.

त्याने कानामागची सुताराची जाड पेन्सिल काढली. लिहिणं त्याला जड जायचं, त्याची भाषा हातांची. सह्यांच्या खाली, उरलेल्या जागेत, त्याने एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं:

'मी सही करतो. तुम्ही बावीस घरांनी हे पण कबूल करा. रोशीनला फोन करायचा नाही. मेसेज करायचा नाही. फिंटनशी काम असेल तर फिंटनकडे या. डॉक्टर, बँक यांनी मोठा दुभाषी आणावा.'

डर्व्हला तोंड भलं मोठं वासून, एकेक शब्द ताणत काहीतरी बोलायला लागली. त्याने खाली आणखी लिहिलं: 'मी घोडा नाही असं चुचकारायला. लिही.'

ती हसली, मग डोळे पुसले, मग लिहिलं: 'सगळ्यांकडे परत जाते. ही घे माझी सही.'

ती गेली तशी रोशीन लाकडाच्या भुश्यात बसून रडायला लागली. फोनसाठी नव्हे. हुंदक्यांमुळे तिचे हात अडखळत होते.

"तुम्हाला कुणी फसवलं तर? आईच्या गोळ्या चुकल्या तर? आणि मग मी काय करायचं?"

फिंटन तिच्यासमोर खाली बसला. त्याने तिच्या केसांतला भुसा वेचला, बराचसा वेचून झाल्यावर म्हणाला, "भूक लागली की सांगायचं. सध्या एवढंच."

"डॅड, हे काय काम आहे?"

"कर तर खरं. आजवर सांगितलंयस कधी?"

दोन आठवड्यांनी शनिवारी म्हातारा मॉसी आला, होडीवाला. तोंडातल्या तोंडात बोलणारा माणूस, त्याचे ओठ वाचणं देवालाही जमलं नसतं. तो हातवारे करू लागला, वल्हं मारून दाखवलं, पोट धरलं, शेवटी वैतागून फळीवर चित्र काढायला बसला. रोशीन नेमकी फाटकातून बाहेर निघाली होती, बगलेत खेळायची हॉकीसारखी काठी. रस्त्यात डर्व्हलाची मुलगी थांबलेली. मॉसीची तारांबळ बघून रोशीन जागीच थबकली आणि तिचे दोन्ही हात आपसूक वर आले.

फिंटनने डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहिलं. तिने एकदा काय ते सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटात उरकलं असतं. त्याने मान वर केली नाही. फळीवर वाकून तो मॉसीच्या चित्राखाली लिहीत राहिला, 'ही होडी आहे की डुक्कर?'

मॉसीने ते वाचून त्याच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेतली. फिंटनने हळूच पाहिलं, फाटक रिकामं होतं.