पोच आल्याशिवाय

सोमवारी पहिलीतली अश्लेषा कुलूप लागलेल्या दारासमोर पंचवीस मिनिटं उभी राहिली, आणि ते आमच्या ॲपमुळं झालं. शेजारच्या काकूंनी तिला घरात घेतलं, पोहे खायला घातले, आईला फोन लावला. म्हणजे झालं काहीच नाही. पण मला चार वर्षांची मुलगी आहे. 'झालं काहीच नाही' हे वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

आमची कंपनी क्रांती चौकात, चष्म्याच्या दुकानाच्या वर. सहा माणसं. शाळेच्या व्हॅनचं ॲप आम्ही बनवतो. कोणतं मूल कोणत्या गाडीत, कुठं चढणार, कुठं उतरणार. अश्लेषाच्या आईनं अकरा चाळीसला ॲपवर टाकलं होतं, 'आज गुलमंडीला आजीकडं उतरवा.' पण शाळेतल्या क्लार्कनी तीच यादी अकरा अडतीसला उघडून ठेवली होती. त्यांनी भलत्याच एका मुलीची गैरहजेरी लावली आणि अकरा त्रेचाळीसला अख्खी यादी सेव्ह केली. त्यांच्यासमोरची यादी पाच मिनिटं शिळी होती. ती ताज्या यादीवर जाऊन बसली. आईचा बदल कुणी खोडला नाही, तरी तो खोडला गेला.

"लॉक लाव," विश्वजित सर म्हणाले. कंपनी त्यांचीच. "एकानं यादी उघडली की बाकीच्यांना बंद. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि उघडणारा चहाला गेला तर?"

"येईल की परत. चहालाच गेलाय, दुबईला नाही."

"तोवर शाळा सुटलेली असेल, सर."

ते हसले. मी हसले नाही. येत्या सोमवारपासून माझी मुलगी स्वरदा त्याच शाळेच्या तीन नंबरच्या व्हॅननं जाणार होती. आत्तापर्यंत तिला माझा नवरा वरद सोडायचा, पण त्याची आता जालन्याला बदली झाली आणि सातलाच त्याला निघावं लागतं. फी भरली होती, डबा आणला होता, बाटलीवर नाव घातलं होतं.

"या यादीत मी माझ्या मुलीचं नाव घालणार नाही," मी म्हणाले. ऑफिसात बोलायचं वाक्य नव्हतं ते. पण खरं होतं, आणि ते सरांनाही कळलं.

"शुक्रवार संध्याकाळ," ते म्हणाले. "तोवर काहीतरी बरं करून दाखव. नाहीतर लॉक."

मी आधी तक्रारी काढून बघितल्या. सगळ्या वर्षभराच्या. एक, दोन, चार, पाच नंबरच्या गाड्यांच्या मिळून एकोणतीस. तीन नंबरची एकही नाही. ॲप तेच, क्लार्क तेच, शाळा तीच. म्हणून मंगळवारी दुपारी मी तीन नंबरच्या गाडीत जाऊन बसले.

त्या गाडीवर पोरांना चढवायला-उतरवायला पारूबाई असतात. पन्नाशीच्या, उंच, कमरेला फोन खोचलेला, हातात दोनशे पानी वही. फोनमध्ये आमचं ॲप होतं, पण त्या बघत होत्या वहीत. गाडी निघायच्या आधी क्लार्क खिडकीतून ओरडले, "मावशी, तिसरीतली अमृता बाबांबरोबर गेली. द्या ती वही, काट मारतो."

"वहीला हात नका लावू. निरोप सांगा."

"अहो, सांगितला की."

"मग झालं. लिवते मी." त्यांनी अमृताचं नाव खोडलं नाही. पानाच्या खाली नवी ओळ लिहिली, 'अमृता बापाबरोबर, क्लार्कसाहेब, १२.३५.' तिच्या वर आणखी तीन ओळी होत्या. मग वरपासून खालपर्यंत बोट फिरवत त्यांनी पोरं मोजली.

"खोडत का नाही?" मी विचारलं.

"खोडल्यावर कुणी खोडलं, कवा खोडलं, कसं कळायचं ताई? सकाळची यादी सकाळची. तिला काय झालंय? खालचे निरोप वाचत गेलं की आत्ताची यादी कळतीच."

"आणि दोन निरोप एकदम आले तर?"

"मला तोंड एक अन् कान दोन असले तरी लिवायचा हात एकच हाय. एक लिवते, मंग दुसरा. थांबतंय की मानूस."

गाडी शहागंजातून वळत होती आणि मी खिडकीला टेकून मनातल्या मनात हसत होते. स्वरदा तान्ही असताना ती मांडीवर झोपली की मी फोनवर फंक्शनल प्रोग्रामिंगचे धडे वाचायचे. त्यातला पहिला नियम हाच, की एकदा लिहिलेलं बदलायचं नाही. जुन्यावरून नवं तयार करायचं. आणि अ‍ॅक्टर मॉडेल म्हणतात ते याहून वेगळं काय आहे? प्रत्येकाची आपली वही, दुसऱ्याच्या वहीला हात नाही, बोलायचं ते निरोपानं, आणि निरोप घ्यायचे एकामागून एक. हे सगळं मला तीन वर्षांपासून माहीत होतं. कामात आणायला मात्र मी कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत बसले होते.

बुधवार आणि गुरुवार मी तेवढंच केलं. पाच गाड्यांच्या पाच स्वतंत्र याद्या. यादी बदलायचा अधिकार कुणालाच नाही, ना आईला, ना क्लार्कना, ना सरांना. सगळ्यांनी गाडीच्या फोनला निरोप पाठवायचा. गाडी एकेक निरोप घेणार, ओळीत लावणार, आणि सकाळची यादी अधिक निरोप यातून दर वेळी नवी यादी मांडणार. तेच निरोप त्याच क्रमानं दिले की उत्तर तेच आलं पाहिजे. सोमवारचे सगळे निरोप मी या नव्या मांडणीतून शंभर वेळा चालवले. शंभरही वेळा अश्लेषा गुलमंडीला उतरली.

शुक्रवारी चार वाजता पारूबाई ऑफिसात आल्या. मीच बोलावलं होतं. टेबलावर दोन फोन ठेवले, एक तीन नंबरची गाडी, एक पाच नंबरची. दोन्ही मिळून बेचाळीस नावं. सरांना मी सोमवारचा सगळा प्रकार चालवून दाखवला.

"चांगलंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द महागच असतो. "आता एक मूल या गाडीतून त्या गाडीत टाक."

हे मी करून बघितलं होतं. तीन नंबर पाच नंबरला निरोप पाठवते, 'ही मुलगी आज तुझ्याकडं,' आणि आपल्या यादीतून नाव कमी करते. मी बटण दाबलं. सरांनी तेवढ्यात पाच नंबरचा फोन उचलून बंद करून खिशात टाकला.

"रेंज गेली," ते म्हणाले. "जाते की नाही?"

स्क्रीनवर आकडा आला. एक्केचाळीस.

मी परत बघितलं. एक्केचाळीसच. तीन नंबरनं मुलगी सोडली होती, पाच नंबरपर्यंत ती पोचली नव्हती. कुठल्याच यादीत नव्हती. चाचणीसाठी मी नाव कुणाचं घातलं होतं ते फक्त मला माहीत होतं. 

"एक पोर कुठंय?" सरांनी विचारलं.

उत्तर पारूबाईंनी दिलं. "पोच कुठंय?"

"म्हणजे?"

"निरोप धाडला व्हय? मंग तिकडनं पोच आली का? मी केसरबाईकडं पोर देते तवा ती जोवर 'घेतलं गं' म्हणत नाय, तोवर मी हात सोडत नाय. नावबी तसंच. पाच नंबरवर केसरबाई हाय, तिला विचारा."

"पण मावशी," सर म्हणाले, "मग मधल्या वेळात ते पोर दोन्ही याद्यांत दिसेल. गोंधळ होईल."

"होऊ द्या की. दोन यादीत असलं तर दोघी शोधतील. एकाबी यादीत नसलं तर कोन शोधंल?"

  मग मी खुर्ची पुढं ओढली. दोन दिवस मी पुस्तकातला नियम नीट पाळला होता आणि निरोप पाठवला म्हणजे पोचला, असं धरून चालले होते. मी, जी वरदला 'पोचलास का' म्हणून रोज दोनदा फोन करते.

दुरुस्ती फार नव्हती. पोच आल्याशिवाय नाव सुटायचं नाही. पोच आली नाही तर निरोप परत जायचा, आणि तोच निरोप तीनदा पोचला तरी मूल एकच मोजायचं. सव्वासहाला मी परत बटण दाबलं. पाच नंबरचा फोन बंद. आकडा बेचाळीस. सरांनी फोन चालू केला. मुलगी क्षणभर दोन्हीकडं दिसली, पोच आली, तीन नंबरमधून नाव गेलं. बेचाळीस.

"लॉकचं काय करायचं?" मी विचारलं.

"दाराला लाव जाताना," ते म्हणाले. "मी निघतो."

पारूबाईंनी वही पिशवीत टाकली. "वही सोडणार नाय हां मी."

"नका सोडू," मी म्हणाले.

सोमवारी आठला पाच कमी असताना आम्ही कोपऱ्यावर उभ्या होतो. स्वरदाची वेणी मी दोनदा घातली होती. व्हॅन आली, पारूबाई उतरल्या, त्यांनी तिचा हात धरला. माझ्या हातात दुसरा हात तसाच होता.

"ताई," पारूबाई म्हणाल्या, "घेतलं गं."

मी हात सोडला. स्वरदा खिडकीत बसली आणि पुढच्या मुलीची रिबीन बघत राहिली. मी निरोपाचा हात हलवला, तिनं काही हलवला नाही. गाडी वळली.

ऑफिसच्या जिन्यात फोन वाजला. 'स्वरदा. गाडी तीन. शाळेत पोचली. ८.२६.' मी तो निरोप तिथंच उभं राहून वाचला. पोच आली, म्हणजे नियमाप्रमाणं माझ्या यादीतून नाव काढायला हवं होतं. तेवढं मात्र मी केलं नाही.