गोगलगाई उत्तरेला का गेल्या

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, सुतारकामाची एक खोली होती आणि तिच्यात एकतीस वर्षं एकच माणूस बसत होता. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. संस्थेत वर्षभरात लागलेल्या शोधांची यादी दर्शनी भिंतीवर लावलेली असे. यंदा तिच्यात प्रकाशाला रेंगाळायला लावणारा स्फटिक होता, प्लास्टिक पचवणारे जिवाणू होते, आईची बोली शिकणारी वटवाघळांची पिल्लं होती. येणारेजाणारे ती वाचून थक्क होत. मिस्त्री ती वाचून म्हणत, "स्फटिकाचं टेबल माझं. जिवाणूंचं कपाट माझं. वटवाघळांच्या पेटीच्या बिजागऱ्या तीनदा बदलल्या, तेव्हा कुठे ती पिल्लं तोंड उघडायला लागली."

यात खोटं काहीच नव्हतं. पण शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानतात, त्यात हे कधी आलं नव्हतं. तिथे संचालकांचे आभार असत, यंत्रं पुरवणाऱ्यांचे असत, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या सहनशीलतेचेही असत. सुताराचे नसत.

यंदा ते येणार होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गोगलगाईंच्या बाईंनी (त्यांना पाठीमागे सगळे गोगलबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं) तीन वर्षं खपून एक गोष्ट सिद्ध केली होती. काळोख्या खोलीत, गोल टेबलाच्या मधोमध गोगलगाय ठेवली की ती उत्तरेला जाते. चाळीसपैकी चौतीस गोगलगाई उत्तरेला गेल्या होत्या. म्हणजे त्यांच्या अंगातच होकायंत्र असणार, असा निष्कर्ष होता. आणि निबंधाच्या शेवटच्या पानावर, टेबल बनवल्याबद्दल, मिस्त्रींचं नाव आडनावासकट होतं.

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी व्याह्यांना फोन लावला. व्याही वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. साखरपुड्यातसुद्धा त्यांनी मिस्त्रींनी बनवलेल्या पाटावर बसण्याआधी तो हलवून पाहिला होता.

"छापून आलं की दाखवा," व्याही म्हणाले. "तोंडी काय, लोक काहीही सांगतात."

निबंध छापायच्या आधी दुसरे जाणकार तो तपासतात. पंधरा दिवसांनी त्यातल्या एकाचा शेरा आला आणि तो घेऊन बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या.

"मिस्त्री, रागावू नका. त्यांनी एकच प्रश्न विचारलाय. टेबल सपाट होतं का?"

मिस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला. "कोण विचारतंय?"

"नाव सांगत नाहीत. तशी पद्धतच असते."

"असणारच. असला प्रश्न कोण नाव सांगून विचारेल?"

"परवापर्यंत उत्तर द्यायचंय. सपाट असेल तर निबंध छापून येईल. उत्तरेला उतार निघाला तर माझी तीन वर्षं त्याच उतारावरून खाली."

"उतार? माझ्या टेबलाला?" मिस्त्रींनी खिळ्यावरची पाणसळ काढली आणि ते बाईंच्या आधी जिना चढले.

टेबल चार फूट व्यासाचं होतं आणि हादरे नकोत म्हणून जमिनीला स्क्रूने आवळलेलं होतं. मिस्त्रींनी पाणसळ आठ ठिकाणी ठेवली. काचेतला बुडबुडा आठही वेळा मधोमध थांबला. मग ते खालून पाय तपासायला टेबलाखाली आडवे झाले.

"कसं आहे?" बाईंनी वरून विचारलं.

"यावर पारा ओतलात तर तोसुद्धा विचारेल, कुठे जाऊ?"

बाईंनी सुस्कारा सोडला आणि त्या उत्तर लिहायला आपल्या खोलीकडे धावल्या. मिस्त्री टेबलाखालून उठायला लागले, आणि उठता उठता त्यांचं डोकं कडेच्या उंचीला आलं. कडेला गोगलगाईंना लाकडाची धार लागू नये म्हणून सुती पट्टी चिकटवलेली होती, चार तुकड्यांत. सकाळी राहून गेलेली एक गोगलगाय उत्तरेकडच्या तुकड्यावर बसून एकाग्रपणे चरत होती. बाकीचे तीन तुकडे जसेच्या तसे. उत्तरेकडच्या तुकड्याची वरची कड कुरतडून झालरीसारखी झालेली.

मिस्त्री तिथेच उकिडवे बसले. त्यांना तो दिवस आठवला. तीन तुकडे चिकटवून होईतो पांढरा गम संपला होता. भांडारात आठ दिवस येणार नव्हता. बाईंची घाई होती. तेव्हा चौथा तुकडा त्यांनी घरच्या कणकेच्या खळीने चिकटवला होता.

घरी जेवताना ते ताटातला भात नुसता चिवडत होते. बायकोने दोनदा मीठ कमी आहे का म्हणून विचारलं. शेवटी त्यांनी सांगितलं.

"म्हणजे गोगलगाई माझी खळ खायला जात होत्या?" बायको म्हणाली. "चौतीस?"

"चाळीसपैकी."

"उरलेल्या सहांना काय झालं?"

"अगं, तो मुद्दा नाही."

"कसा नाही? गुठळी न होऊ देता शिजवली होती मी. मोरचूद घाला, किडामुंगी लागणार नाही, असंही म्हटलं होतं."

"विषारी काही वापरायचं नाही, पॉलिशसुद्धा नको, असं बाईंनी सांगितलं होतं. गोगलगाईंना वास फार कळतो म्हणे."

"कळतो, ते दिसलंच. निघण्याआधी उपाशी ठेवतात का त्यांना?"

"एक दिवस. चालाव्यात म्हणून."

बायकोने पदराने हसू झाकायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही.

"हसतेस काय? त्यांनी टेबल सपाट आहे का एवढंच विचारलंय. ते आहे. मी गप्प बसलो तर खोटं कुणीच बोललेलं नाही. निबंध येतो, नाव येतं, व्याह्यांचं तोंड बंद होतं."

"मग बसा गप्प."

"बसवत नाहीये म्हणून तर सांगतोय."

"मग मला कशाला सांगता, अहो? त्यांना सांगा. आणि खळ कुणी केली तेही सांगा."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी सांगितलं. बाईंनी ती पट्टी उपटली, जागा गरम पाण्याने तीनदा पुसली, नवी पट्टी गमने चिकटवायला लावली आणि चाळीस गोगलगाई एकेक करून सोडल्या. संध्याकाळपर्यंत त्या दाही दिशांना गेल्या. दोन मधोमधच झोपल्या.

बाई स्टुलावर बसून टेबलाकडे पाहत राहिल्या. मिस्त्री दाराशी टोपी हातात धरून उभे होते.

"माझी चूक," मिस्त्री म्हणाले.

"तुमची कसली? टेबल फिरवून पाहायला हवं होतं. स्क्रू काढायचा कंटाळा मी केला." बाई एक गोगलगाय उचलून डब्यात ठेवत म्हणाल्या, "छापून आल्यावर दुसऱ्या कुणी हे शोधलं असतं ना, तर मला गोगलबाईपेक्षा वाईट नाव पडलं असतं." मग त्यांनी निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. कारणाच्या जागी काय लिहावं यावर पाऊण तास घालवला आणि शेवटी 'आहार' एवढंच लिहिलं.

निबंध गेला, त्याबरोबर शेवटचं पान गेलं, आणि त्या पानावरचं नाव गेलं.

रविवारी व्याह्यांचा फोन आला. मिस्त्रींनी तो पाचव्या घंटेला उचलला.

"काय व्याही, आलं का छापून?"

"नाही आलं."

"वाटलंच होतं मला."

"मीच थांबवलं."

"तुम्ही थांबवलंत? शास्त्रज्ञांचा शोध ना तो?"

"हो."

"तीन वर्षांचा?"

"तीन वर्षांचा. टेबलाखाली शिरून तपासलं. माल भेसळीचा निघाला. कणीक होती त्यात."

मग व्याही ज्या आवाजात बोलले, तो मिस्त्रींनी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. "व्याही, मी नोकरीभर तराजू जप्त केले. पोती जप्त केली. एकदा ट्रकही केला. पण आख्खा शोध कधी हाती लागला नाही हो."

मिस्त्री खुर्चीत ताठ बसले. मग आवाजात जमेल तेवढा साधेपणा आणून ते म्हणाले, की संस्थेत अजून बरेच शोध आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांची टेबलं आपलीच आहेत.