शेगडी नको म्हणून

माझ्या नवऱ्याने कुवेतमध्ये सव्वीस वर्षं लोकांचे बॉयलर दुरुस्त केले. आणि आमच्या स्वतःच्या घरात, एका खोलीला ऊब देता देता तो माणूस तीन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झाला. ताजुद्दीन त्यांचं नाव. मी 'माहीनचे अब्बा' म्हणते, आणि चिडले की 'अहो कुवेत'. त्या तीन दिवसांत 'अहो कुवेत' पुष्कळदा झालं.

माहीन आमची एकुलती एक. म्हसळ्याला दिलीय. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि जानेवारीच्या ऐन थंडीत तिला मुलगी झाली. हरिहरेश्वरला जाणारे लोक आमच्या दारावरून जाताना म्हणतात, कोकणात कुठली आलीय थंडी! त्यांनी एकदा पहाटे समुद्रावरचा वारा अंगावर घेऊन बघावं. आणि बाळंतिणीने चाळीस दिवस उबेत राहायचं असतं. कढत पाण्याची अंघोळ, मग निखाऱ्यावर लोबानची धुरी, आणि बाजेखाली कोळशाची शेगडी. माझ्या आईने माझं असंच केलं, तिच्या आईने तिचं.

घडीभराची धुरी ठीक, पण आमच्या घरात शेगडी येणार नव्हती. ते यांनी घर बांधतानाच ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. माहीन अकरा दिवसांची असताना माझ्या बाजेखाली शेगडी होती, आणि वारा येऊ नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या. पहाटे फजरच्या नमाजाला सासूबाई उठल्या, दार उघडलं, तर मी बेशुद्ध आणि पोर निळी पडलेली. कोळशाचा धूर दिसत नाही तेव्हाच जास्त वाईट असतो, हे आम्हाला कुठलं ठाऊक? अल्लाने दोघींना परत दिलं. माझ्या भावाने यांना कुवेतला पत्र लिहिलं, ते वीस दिवसांनी पोचलं. तोवर मी उठून भाकऱ्या थापत होते. पण ह्यांनी ते पत्र वाचलं ते एका बंगल्याच्या बॉयलरसमोर बसून, दुसऱ्यांच्या मुलांच्या खोल्या गरम करता करता. ते पत्र अजून यांच्या पाकिटात आहे. मला वाटतं ते त्या पत्रातून कधी परतलेच नाहीत.

म्हणून हा सगळा खटाटोप. मागच्या पडवीत गॅसवरचा बॉयलर. त्यातून दोन वाटा: एक न्हाणीघराला, एक माहीनच्या खोलीला. खोलीत भिंतीला लावलेला लोखंडी रेडिएटर, मला तो म्हशीच्या बरगड्यांसारखा दिसतो. त्यात गरम पाणी फिरलं की खोली उबदार होते, ना धूर ना राख. आणि दाराजवळच्या भिंतीवर एक पांढरी डबी. खोली गार झाली की ती डबी बॉयलरला सांगणार, पाणी सोड. पुरेशी ऊब झाली की सांगणार, बस.

"हिला कोणी हात लावायचा नाही," यांनी बजावलं. मी म्हटलं, "मला काय हौस आहे?"

आठवडाभर छान चाललं. मग रोज सकाळ-संध्याकाळ खोली गार पडायला लागली. दोन्ही वेळा नेमकी अंघोळीनंतर, जेव्हा बाळ उघडं असतं आणि माहीनचे केस ओले.

बाळाला न्हाऊ-माखू घालायला शेजारची गोदू येते. तिचा हात असा की रडणारं पोरही पाच मिनिटांत झोपतं. पण तोंड? "ताजूभाय, त्या तुमच्या बरगड्या गार पडल्या बगा!" ती आतूनच ओरडायची. "पोरगी शिंकतेय. शेगडी न्हाय का हो घरात?"

बाहेर स्क्रू पिळण्याचा आवाज थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.

यांचा संशय अंघोळीवर होता. न्हाणीघराचा नळ उघडला की बॉयलर सगळी ताकद तिकडे देतो आणि खोलीची वाट बंद करतो. आधी अंघोळ, मग खोली, अशी मांडणी त्यांनीच केली होती. नळ बंद झाल्यावर खोलीची वाट परत उघडत नसणार, असा त्यांचा हिशेब. पहिल्या दिवशी त्यांनी तो वॉल्व्ह खोलून साफ केला. दुसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून नवा आणून बसवला, नळ्यांतली हवा काढली, डबीतले सेल बदलले. दुपारी सगळ्यांना बोलावून दाखवलं: नळ सोडला, बंद केला, आणि टक् आवाज होऊन रेडिएटर गरम झाला.

"बघ," म्हणाले, "चालतोय."

"तुमच्यासारखाच आहे," मी म्हटलं. "चारचौघांत शहाणा."

हसले नाहीत. संध्याकाळी खोली पुन्हा गार. पडवीतून त्यांनी विचारलं, "नसीबा, डबीला कोणी हात लावला का?" मी खरं तेच सांगितलं, "नाही." त्यांनी मीटर लावून बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, "बॉयलर बरोबर आहे. खोलीच सांगतेय, मला ऊब नको." म्हणजे डबीच खराब. पण दुपारी तीच डबी सुतासारखी सरळ चालायची.

आत येऊन बघावं तर आमच्यात ते होत नाही. अंघोळ, मालीश, धुरी म्हणजे बायकांचा वेळ. दार लोटलेलं. पुरुष दुपारी येणार, नातीला दोन मिनिटं मांडीवर घेणार आणि जाणार. ह्यांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सव्वीस वर्षं परदेशी राहिलेल्या माणसाला दाराबाहेर थांबायची सवयच असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाने ओळीने चार शिंका दिल्या. माहीन घाबरली. गोदू काही बोलणार तेवढ्यात दार थोडं उघडलं आणि खालून एक वस्तू आत सरकली. माळ्यावरची जुनी शेगडी. पुसून स्वच्छ केलेली.

"घे," बाहेरून आवाज आला. "पेटव. खिडकी मात्र उघडी ठेव."

मी ती शेगडी बघितली. तीन दिवस मी या माणसाची चेष्टा करत होते. या माणसाने शेगडी नको म्हणून अख्खं घर नळ्यांनी बांधून काढलं होतं, आणि आता तीच शेगडी स्वतःच्या हाताने पुसून आणली होती. मला त्याची इतकी दया आली की रागच आला.

"अहो कुवेत," मी म्हटलं, "आत या. कुठे ठेवायची ती तुम्हीच दाखवा."

"आत्ता? तुमची धुरी चाललीय ना?"

"चालू दे. माहीन, ओढणी घे डोक्यावर."

गोदूने डोळे मोठे केले. "भाबी, बाप्याला धुरीत?"

"बाप्या न्हाय, आजा हाय तो," मी तिच्याच बोलीत सांगितलं.

ते आत आले आणि दारातच थबकले. नवीन जागी आलेला पाहुणा कसा बघतो तसे बघत राहिले. बाजेवर माहीन, गोदूच्या पायांवर तेलाने चकचकीत झालेली नात, खोलीभर लोबानचा वास. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात धुरीचं निखाऱ्यांचं भांडं, तीन दिवसांपूर्वी वारा वाढला तेव्हा आडोसा म्हणून खिडकीजवळून इथे हलवलेलं. त्यावर पालथी बांबूची टोपली, टोपलीवर बाळाची झबली आणि दुपटी पसरलेली. धुरी झाली की उरलेल्या निखाऱ्यावर तासभर कपडे असेच उबवायचे. हे न सांगता कोणीही करतं. निदान कोणतीही बाई.

त्यांनी टोपलीवर हात धरला. मग हात हळूहळू वर नेला. टोपलीच्या बरोबर वर, भिंतीवर, ती पांढरी डबी होती.

"एकतीस," त्यांनी डबीवरचा आकडा वाचला. "ही समजतेय खोलीत उन्हाळा आहे."

मग मी म्हटलं, "मी हात नव्हता हो लावला."

"नाही," ते म्हणाले. "तू टोपली ठेवलीस."

त्यांनी टोपली उचलली, भांडं समोरच्या कोपऱ्यात नेलं. आम्ही सगळे भिंतीकडे बघत बसलो. तीस, एकोणतीस, सत्तावीस. बराच वेळ काही नाही. मग पडवीतून टक् ऐकू आलं, आणि थोड्या वेळाने माहीन रेडिएटरला हात लावून म्हणाली, "अब्बा, आला गरम."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," गोदू म्हणाली, आणि आम्ही हसलो. ते हसले नाहीत. त्या टोपलीकडेच बघत होते.

"माहीनच्या वेळी पण असंच होतं?" त्यांनी विचारलं. "टोपली, कपडे?"

"असंच. टोपलीसुद्धा हीच."

"मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "मी ही खोली कधी बघितलीच नाही, नसीबा. मला वाटायचं, बाळंतिणीची खोली म्हणजे फक्त शेगडी."

सत्तावीस वर्षं त्यांच्या डोक्यात माझी खोली अशी होती: बंद दार, शेगडी आणि निळं पडलेलं मूल. लोबानचा वास त्यात नव्हता. तेल नव्हतं, उबवलेली झबली नव्हती. आम्ही दोघी त्या खोलीत किती सुखात होतो, हे कुठल्या पत्रात मी लिहिलंच नाही.

मी टोपलीवरचं एक झबलं उचलून त्यांच्या हातात दिलं. गरम होतं. त्यांनी ते गालाला लावलं. गोदूने नातीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. कुवेतच्या अख्ख्या वस्तीच्या नळ्या जोडलेला माणूस, आणि झबलं उलटं घातलं. तिने हात झाडले, पण रडली नाही.

शेगडी अजून दाराशीच होती. नातीला गोदूकडे देऊन ते उठले आणि ती पायाने बाहेर सारू लागले. "मी जातो आता. तुमचं चालू द्या."

"बसा," मी म्हटलं. "पुष्कळ वर्षं बाहेर होतात."