आगाऊ अभिनंदन

मी खोटं बोललो नाय. जरा आधी बोललो, एवढंच. ज्याला यातला फरक कळत नसंल त्यानं इथूनच उठून जावं, चहा मात्र पिऊन जावं.

मी रामप्रसाद. क्रांती चौकात मोबाईलच्या दुकानावर एक खोली आहे, तिला मी ऑफिस म्हणतो. धंदा प्लॉटिंगचा. जिथं नुसत्या बाभळी उभ्या असतात तिथं मी गिऱ्हाईकाला बाग दाखवतो, शाळा दाखवतो, चोवीस तास पाणी दाखवतो. पंधरा वर्षं हेच केल्यावर जिभेला तशी सवय लागते, त्यात माझा दोष किती ते तुम्हीच ठरवा.

माझा थोरला भाऊ मुंजाबा लासूर स्टेशनाकडं राहतो आणि अजून मेंढरं राखतो. त्याची पोरगी प्रांजली माझ्या घरी राहून शिकली. बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली आणि म्हणाली, "काका, मला मेंढ्यांच्या रोगांवर पुढचं शिकायचंय. स्कॉटलंडला." मुंजाबादादा तिच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "मेंढ्या बघायला तिकडं कशाला मरायला? इथं दीडशे हायत की." पण दोन वर्षांमागं एका आठवड्यात तीस मेंढरं पटापट मेली होती, आणि का मेली ते डॉक्टरलाही सांगता आलं नव्हतं. ते आठवलं तसा त्यानं हट्ट सोडला.

फी आम्हा दोघा भावांच्या आवाक्याबाहेरची निघाली. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं, नाहीतर नाय. पोरगी रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसायची. जगात शिष्यवृत्त्या लई आहेत हो, पण प्रत्येकीला एक शेपूट असतं. एक होती ती फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी. एकीला दोन वर्षं नोकरी केलेली पाहिजे. एक चक्क डावखुऱ्यांसाठी होती. ती बघून प्रांजली आठवडाभर डाव्या हातानं जेवली असं मी चारचौघांत सांगतो, ते मात्र खोटं आहे.

एका सल्लागाराकडंही नेलं तिला. टाय लावलेलं पोरगं म्हणालं, "मॅडम, स्कॉटलंड सोडा, कॅनडाला पाठवतो. कोर्स कोणताही चालेल." प्रांजली म्हणाली, "मला नाय चालत," आणि उठली. मग तिनंच शोधून शोधून दोन जागी अर्ज केले. एक तिकडच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती, दुसरी आपल्या सरकारची, परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठीची. सरकारीसाठी दाखले गोळा करता करता दादाच्या दोन चपला झिजल्या. त्या अर्जात एक अट ठळक अक्षरांत होती, दुसरी कुठली शिष्यवृत्ती घेतलेली नसावी.

आता माझा पराक्रम ऐका. एका दुपारी प्रांजली लायब्ररीत गेली होती आणि लॅपटॉप उघडाच राहिला होता. मेल आला. पहिलाच शब्द काँग्रॅच्युलेशन्स. खाली आणखी सात-आठ ओळी होत्या, पण काँग्रॅच्युलेशन्सच्या पुढं कोण वाचतं? मी सरळ गाडी काढून गुलमंडीला फ्लेक्सवाल्याकडं गेलो.

"आमची कन्या कु. प्रांजली हिला स्कॉटलंडची संपूर्ण शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" वर माझा गॉगलमधला फोटो, कानाला फोन लावलेला, तीन फुटांचा. प्रांजलीचा फोटो परीक्षेच्या फॉर्मवरचा, कोपऱ्यात. खाली शुभेच्छुक एकोणीस. फ्लेक्सवाला डोकं धरून म्हणाला, "नाना, इत्ते मुंडके कां बिठाऊं? बच्ची का फोटो तो दिखताच नई." मी म्हटलं, "तू बसव रे, पोरीला कोण वळखतं?" एकच मुंडकं मी मुद्दाम वगळलं, ते आमच्या चुलत भावाचं, बन्सीचं. आमच्या कॉलनीच्या सोसायटीच्या मागच्या निवडणुकीत त्यानं माझ्या विरोधात प्रचार केला होता आणि वर माझ्याच घरी येऊन जेवला होता.

दोन फ्लेक्स लावले. एक लासूर स्टेशनला, एक माझ्या ऑफिसखाली. प्रांजलीनं तो रिक्षातून पाहिला आणि धाडधाड जिना चढून वर आली.

"काका, ते खाली काय लावलंय?"

"तुझं अभिनंदन."

"कशाबद्दल? अहो, पहिली फेरी पार केलीय फक्त! तीनशे जण आहेत अजून. आधी ते उतरवा."

"होईल की दुसरी पण. दोन दिवस राहू दे, लोकांनी नीट बघितला नाय अजून."

हे मी बोललो. या तोंडानं. दोन दिवसांचे नऊ झाले. गावात माझा सत्कार झाला, शाल आली, मी भाषणही ठोकलं. दहाव्या दिवशी विद्यापीठाचा दुसरा मेल आला, की फार चांगले अर्ज होते, तुमची निवड होऊ शकली नाही. पोरीनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला, शेवटच्या ओळीपर्यंत. त्या संध्याकाळी मी स्वतः शिडीवर चढून दोन्ही फ्लेक्स उतरवले.

आता राहिली सरकारी. तिच्या यादीत प्रांजलीचं नाव चौथं होतं, आम्ही देवापुढं पेढे ठेवले. आणि चारच दिवसांत पत्र आलं. "आपण अन्य शिष्यवृत्तीचा लाभ घेत असल्याची तक्रार प्राप्त झाली असून, सोबत फलकाचे छायाचित्र जोडले आहे. गुरुवारी सुनावणीस समक्ष हजर राहून खुलासा करावा, अन्यथा नाव वगळण्यात येईल." खाली तक्रारदाराचं नाव बन्सी. एक मुंडकं वगळलं तर त्यानं अख्खी पोरगी वगळायला घेतली.

दादा पहिल्या गाडीनं आला. पाणीसुद्धा प्यायला नाय. दारातच म्हणाला, "राम्या, काय केलंस रे तू?" मला तो लहानपणी काठीनं मारायचा, तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

मी म्हटलं, काळजी करू नको, एवढी सोसायटी चालवतो मी, एक खुलासा जमणार नाय? पहिला खुलासा लिहिला, की छपाईतील चूक. तो घेऊन कार्यालयात गेलो. तिथं तनुजा मॅडम म्हणून अधिकारी आहेत, चष्म्यावरून बघतात. म्हणाल्या, "छपाईची चूक असेल तर छापणाऱ्याचं तसं लेखी आणा." फ्लेक्सवाला म्हणाला, "तुमने जो दिया वोच छापा नाना. लिखके तो मै बिल्कुल नई देता." मग दुसरा खुलासा, की सदर फलक अज्ञात हितचिंतकांनी लावला. तो प्रांजलीनं वाचला.

"तुमचा फोटो तीन फुटांचा हाय," ती म्हणाली. "आणि हितचिंतक अज्ञात?"

"मग काय लिहू?"

"जे झालं ते. शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. मी वाचल्याशिवाय फलक लावला. खोटं हाय हे कळल्यावर पण उतरवला नाय. स्टँपपेपरवर, तुमच्या सहीनं."

सोसायटीची निवडणूक पंधरा दिवसांवर होती. मी अध्यक्षपदाला उभा. हा कागद बन्सीच्या हाती लागला की तो गाडीवर भोंगा लावून गल्लीगल्लीत वाचणार. मी म्हटलं, "पोरी, इज्जतीचा सवाल हाय गं. आणखी काहीतरी मार्ग काढू. ओळख काढू मंत्रालयात."

ती रडली नाय, ओरडली नाय. वही मिटून म्हणाली, "नका लिहू काका. मी रागावणार नाय. मी आप्पांबरोबर मेंढरं राखीन. फक्त परत कधी माझं कौतुक करू नका."

मी उठून वकिलाकडं गेलो.

गुरुवारी सुनावणी. टेबलाच्या पलीकडं तनुजा मॅडम, अलीकडं आम्ही तिघं, आणि खुर्ची ओढून बन्सी. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता गडी. मॅडम म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं. "मी, रामप्रसाद, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या पुतणीस सदर शिष्यवृत्ती मिळालेली नसताना मी खोटा मजकूर छापून फलक लावला. ती मला उतरवा म्हणत असताना मी स्वतःच्या मोठेपणासाठी उतरवला नाही. यात तिचा काही दोष नाही." एवढंच होतं, पण वाचायला मला अर्धा तास लागल्यासारखं वाटलं.

मॅडमनी चष्मा काढला. "पण का लावलात हो? एवढी काय घाई होती?"

वकिलानं पढवलेलं उत्तर तयार होतं. पण तोंडातून भलतंच आलं. म्हटलं, "मॅडम, आमच्या घरातल्या माणसाचा फ्लेक्स आजवर एकदाच लागला. आमच्या आईचा, सखूबाईचा. भावपूर्ण श्रद्धांजलीचा. दुसरा कधी लागंल असं वाटलंच नव्हतं. तो मेल दिसला आणि मला थांबताच आलं नाय."

दादा खाली बघत होता. बन्सी घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, माझा पण फोटो टाकला असता तर ही वेळच आली नसती." मॅडम त्याला म्हणाल्या, "तुमची तक्रार निकाली निघाली, तुम्ही जाऊ शकता." जाता जाता त्यानं माझ्या कागदाची झेरॉक्स रीतसर अर्ज करून मागितली. पुढं भोंग्यावर वाचलाही. मी सहा मतांनी पडलो.

पण ते पुढचं. त्या दिवशी मॅडमनी फाईलवर शेरा मारला, नाव कायम. दादानं हात जोडले. मॅडमनी लगेच करारनाम्याचे कागद पुढं सरकवले. शिकून परत येईन, नाहीतर सगळी रक्कम फेडीन, असा तो करार. त्याला दोन जामीनदार लागतात आणि त्यात आईबाप चालत नाहीत. एक नाव प्रांजलीनं अर्जाच्या वेळीच भरून दिलं होतं, तिच्या कॉलेजच्या सरांचं. दुसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं, "विद्यार्थ्याच्या वचनाची हमी देणारी विश्वासू व्यक्ती." रकाना रिकामा होता.

मी मनात बघायला लागलो, कुणाला गाठावं. शाळेचे हेडमास्तर आहेत, सोसायटीतले पाटील आहेत. तेवढ्यात प्रांजलीनं पेन काढलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

मॅडमनी नाव वाचलं. माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. म्हणाल्या, "अगं, हे जामीनदार? आत्ता दहा मिनिटांपूर्वी यांनी स्टँपपेपरवर लिहून दिलंय की मी खोटं बोललो."

"व्हय मॅडम," प्रांजली म्हणाली. "असं कोण लिहून देतं?"

तिनं कागद माझ्यापुढं सरकवला. मी इतक्या रजिस्ट्र्यांवर सह्या केल्यात, पण त्या दिवशी कुठं सही करायची ते मला दिसंना. डोळ्यांत पाणी आलं होतं, उघड सांगतो. मी कागद वर उचलला आणि आधी शेवटच्या ओळीपर्यंत सगळा वाचला, मग सही केली.